ताकाची खूण

अनेकांच्या देहांवर पारखून घेतलेले सत्य जेव्हा एका माणसाच्या उशाशी येऊन उभे राहते, तेव्हा ते सत्यच राहते. त्याचा स्वर मात्र बदलतो. शंभरांविषयी ते निःशंकपणे बोलते, एकाविषयी गप्प बसते. आणि वैद्याला तर शंभर जण कधीच भेटत नाहीत. त्याच्यासमोर येतो तो एकच, आणि त्या एकाच्या मागे दाराशी उभे असलेले त्याचे माणूस. या एकाच्या बाबतीत सत्य उलटले, तर दोष सत्याला द्यावा, देणाऱ्या हाताला द्यावा, की कुणालाच देऊ नये, याचा निवाडा कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. आणि तो सापडेपर्यंत पुढचा रुग्ण थांबून राहत नाही.

डॉक्टर मधुवंतीचे नेमके हेच झाले होते. मूळची ती नाशिकची. नवरा शुभंकर जयपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, त्याच्यापाठोपाठ तीही आली आणि इथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रुजू झाली. नवे संशोधन वाचायचे, त्यातले टिकाऊ कोणते नि फोल कोणते हे निवडायचे, आणि जे टिकाऊ ते दुसऱ्या दिवशी खाटेपाशी आणायचे, हा तिचा शिरस्ता होता. विभागात तिच्या पाठीमागे तिला थट्टेने ‘पुराव्याच्या बाई’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होते.

श्रावण लागण्याच्या सुमारास झोटवाड्यातला मुरलीधर नावाचा गृहस्थ तिच्याकडे आला. लेथचे छोटेसे वर्कशॉप चालवणारा, चाळिशी ओलांडलेला. काम करता करता त्याचा अर्धा देह लुळा पडला होता; मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली होती. ती विरघळवणारे औषध वेळेत दिले तर लाभ होतो, हे जगभरच्या हजारो रुग्णांवर तपासलेले आहे. मुरलीधर वेळेत आला होता, सर्व अटींत बसत होता. मधुवंतीने औषध दिले. त्याच सायंकाळी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि पुढे तो वाचला नाही. रुग्णालयाच्या समितीने सर्व कागद तपासले आणि कोणाचीही चूक नाही, असा निष्कर्ष काढला. मुरलीधरची बायको मृत्यूचा दाखला न्यायला आली, तेव्हा तिने मधुवंतीपुढे हात जोडले. “आपने तो भला ही सोचा था, डॉक्टर साहिबा,” एवढेच म्हणाली आणि गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

त्यानंतर मधुवंती रडली नाही. तिची झोपही उडाली नाही. दंतवैद्याने सुई दिल्यावर ओठ जसा जागच्या जागी असतो पण आपला वाटत नाही, तसे तिचे सगळेच होऊन बसले. ती जेवत होती, कामावर जात होती, शुभंकरशी घरभाड्याविषयी बोलत होती. दरम्यान अर्धांगाचे आणखी दोन रुग्ण आले. एकाचा रक्तदाब आवाक्याबाहेर होता. त्याला औषध देता येणारच नव्हते. दुसऱ्याला देता आले असते. “हा आपोआप सुधारतोय असं दिसतं, थोडं थांबू या,” असे ती म्हणाली आणि वेळ निघून गेली. तो रुग्ण पाय फरफटत घरी गेला. त्याबद्दल तिला कोणी विचारले नाही, तिनेही स्वतःला विचारले नाही.

भाद्रपदातला बुधवार होता. मोतीडुंगरीच्या गणपतीला बुधवारी जी गर्दी असते ती होतीच, त्यामुळे तिलक नगरहून निघालेली एक टॅक्सी पाठच्या गल्ल्यांतून वळसा घालून भर दुपारी रुग्णालयाच्या दाराशी आली. आतून एक वृद्ध गृहस्थ उतरले. शर्टाच्या गुंड्या एकेक घर चुकवून लावलेल्या. त्यांच्यामागून एक तिशीतली सून, आणि दोघांच्या आधाराने अर्धवट कलंडलेली सासू. दोघेही आपसांत मराठी बोलत होते. ते ऐकून विभागातला कनिष्ठ डॉक्टर परीक्षित मधुवंतीला बोलवायला आला.

“मॅडम, तुमच्याकडची मंडळी आली आहेत. स्ट्रोक वाटतोय.”

“तुझ्याकडची नाहीत का?”

“आम्ही इंदूरचे. महाराष्ट्रात गेलो की हिंदीवाले, अन् इथे आलो की मराठी. आमच्याकडचं कुणीच नसतं,” तो म्हणाला. एरवी ती यावर हसली असती.

वृद्धांचे नाव बळवंतराव. मिरजेचे, रेल्वेच्या सिग्नल विभागात नोकरी करत करत जयपूरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. खाटेवर होत्या त्या त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई, आणि सून स्वानंदी. मुलगा संकल्प रेल्वेतच गार्ड. तो गाडीवर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

मधुवंतीने तपासले. प्रभावतीबाईंचे डोळे उघडे होते. ओठांची उजवी कड खाली ओघळली होती, उजवा हात उचलून धरला की ओल्या कापडासारखा खाली पडत होता. “हात वर करा” म्हटले तर त्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहत. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते, आणि त्यांच्याकडूनही एकही येत नव्हता.

“कधीपासून हे?”

“आत्ताच,” बळवंतराव म्हणाले. “निघायच्या जरा आधी. हातातनं पेला पडला.”

“पेला पडायच्या आधी बोलल्या होत्या?”

बळवंतरावांनी सुनेकडे पाहिले. सुनेने त्यांच्याकडे.

“बोलली होती की. सकाळी, आंघोळीला जाताना. ‘गिझर बंद करा’ म्हणाली.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर बोलत नाही ती. चातुर्मास आहे ना.”

परीक्षितने लिहिता लिहिता मान वर केली. “बोलत नाहीत म्हणजे?”

“मौन असतं हो. स्नान झालं की तोंड बंद, ते जेवण होऊन चूळ भरेपर्यंत. आषाढापासनं कार्तिकापर्यंत. लग्न होऊन आली तेव्हापासनंचा नेम आहे. चूळ भरली की देवाचं नाव घ्यायचं आणि मग बोलायला लागायचं.”

“आज चूळ भरल्यावर बोलल्या का?”

“नाही.”

“मग तेव्हा तुम्हाला काही—”

“मला वाटलं, रुसली.” त्यांनी हात चुकीच्या गुंडीवर नेला आणि तिथेच ठेवला. “मी चिडवतो तिला. म्हणजे, नेहमीचंच आहे. चार महिने घर शांत, आठ महिने कान शाबूत ठेवा, असं काहीतरी. आज सकाळी शेजारचे व्यासजी आले होते, त्यांच्यासमोर बोलून गेलो की हिच्या मौनाला सरकारनं सुट्टी जाहीर करावी. व्यासजी हसले. जेवण झाल्यावर ही आली, सोफ्यावर बसली, बोलेना. म्हटलं, राग आलाय. बसू दे. मीही बोललो नाही. पेपर वाचत बसलो समोर.”

व्रताचे मौन कोठे संपले आणि आजाराचे कोठे सुरू झाले, हे त्या घरात कोणाला कळले नव्हते. आणि मध्ये एक रुसव्याचे मौन उगाच मानून घेतले होते.

स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता. एका बारीक नसेत गुठळी होती, तार घालून काढता येण्यासारखी नाही. म्हणजे उपाय एकच, ते औषध. आणि त्या औषधाचा नियम असा की, आजार केव्हा दिसला ते विचारायचे नाही; माणूस धडधाकट असल्याचे शेवटचे केव्हा पाहिले, तिथून वेळ मोजायची. साडेचार तासांच्या आत असेल तर द्यायचे. उलटली असेल तर लाभ घटतो, रक्तस्रावाचा धोका उरतो. प्रभावतीबाईंचा शेवटचा शब्द सकाळचा. तिथून मोजले तर वेळ केव्हाच उलटली होती. जेवणापासून मोजले तर भरपूर शिल्लक होती. एमआरआयने हा पेच सुटला असता, पण ते यंत्र त्या आठवड्यात दुरुस्तीला उघडून पडले होते.

परीक्षित हळूच म्हणाला, “मॅडम, शेवटचं बोलणं सकाळचं. मग तीच वेळ धरायची ना? विंडो गेली.”

“हं.”

“तसं लिहू?”

“लिही.”

तो संगणकावर वाकला. मधुवंती खाटेच्या कठड्याला टेकून उभी होती. त्याच क्षणी तिच्या आत कोठेतरी एक दार अलगद लागल्यासारखे झाले आणि तिला बरे वाटले. कितीतरी दिवसांत तिला काहीही वाटले नव्हते. आज पहिल्यांदा काही वाटले, ते हे. बरे वाटले. खाटेवर एक बाई अर्ध्या देहाने निघून चालली होती आणि आपल्याला बरे वाटते आहे, हे तिच्या ध्यानात आले. तिने ते तसेच पाहिले, एखाद्या तपासणीचा अहवाल पाहावा तसे. तिला लाज वाटली नाही, भीतीही वाटली नाही. पण जो निर्णय इतका सुखकर वाटतो, तो रुग्णाकडे पाहून घेतलेला नसतो, एवढे तिला शिकलेल्या बुद्धीने कळत होते.

“थांब,” ती म्हणाली. “अजून एकीला विचारायचं राहिलं.”

यामागे धैर्य नव्हते. ज्याने ज्याने रुग्णाला पाहिले त्या प्रत्येकाला वेगळे विचारायचे, हा तिचा नेम होता आणि तो आज अर्धा राहिला होता, इतकेच. मन साथ देत नाही त्या दिवशीही स्नानसंध्या करणारे करतात. त्या दिवशी त्यांना त्यात काही गवसत नाही, पण हात पळीकडे जातो.

तिने स्वानंदीला पडद्याच्या एका बाजूला घेतले. स्वानंदी जयपूरचीच, आईवडील मराठी, शिक्षण सगळे हिंदीत. बोलताना मराठी शब्द चाचपडत शोधायची.

“जेवायला तू वाढत होतीस?”

“हो, मीच.”

“त्या वेळी आई कशा होत्या?”

“ठीक होत्या. मतलब, रोजच्यासारख्या. ताक मागितलं त्यांनी.”

“मागितलं कसं? मौन होतं ना?”

“इशाऱ्यानं. त्यांचे सगळे इशारे ठरलेले आहेत.” स्वानंदीने चिमूट दाखवली. “हे मीठ. हे,” तिने तळहात उताणा हलवला, “पुरे. आणि ताक म्हणजे असं.” तिने दोन मुठी छातीसमोर धरल्या आणि एक पुढे, एक मागे, अशा आळीपाळीने ओढल्या. दोरीने रवी घुसळावी तशा. “मी नवी आले ना लग्न होऊन, तेव्हा मला वाटायचं आई रस्सीखेच खेळतायत. मी दोरी शोधायला गेले होते एकदा.”

“आज दोन्ही हातांनी केलं हे?”

“दोन्हीच लागतात, दीदी. एका हातानं रवी कशी फिरेल?”

“लागतात हे कळलं. आज केलं का, ते सांग. आज. डोळ्यांसमोर आण.”

स्वानंदीने डोळे मिटले. “हो. कारण आज गडबड झाली. वाट्या सारख्याच होत्या, मी ताक समजून कढी घेऊन आले. त्यांनी बोट हलवलं, नाही म्हणून. मग परत केलं तसंच, जोरजोरात, पदर खाली पडेपर्यंत. आणि हसल्या मला.”

“कढी आजचीच? कालची आठवण नाही ना ही?”

“काल गट्ट्याची भाजी होती. कढी आजच केली. आणि भाजीचा रेहड़ीवाला भैया आला होता तेव्हाच, मी ताक देऊन धावत खाली गेले.”

“हसल्या म्हणालीस. कशा हसल्या? तोंड कसं होतं? करून दाखव.”

स्वानंदीला आधी कळले नाही. मग कळले. त्या औषधी वासाच्या जागेत, पडद्याला पाठ लावून, ती सासूसारखी हसली. दोन्ही गालांवर सारखी वळी पडली, ओठांची दोन्ही टोके सारखी वर गेली. ते हसू तिने डॉक्टरांना नीट दिसावे म्हणून धरून ठेवले, आणि धरून ठेवता ठेवता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

“पुरे,” मधुवंती म्हणाली. “समजलं मला.”

दोन हातांची एकमेकांशी बांधलेली लय. कढी आणि ताक यांतला भेद. चुकीची वस्तू नाकारणे, खूण पुन्हा करणे. सरळ हसू. शब्द कोणी ऐकला नव्हता हे खरे; पण शब्दावाचून माणूस शाबूत असल्याची जेवढी साक्ष मिळू शकते, तेवढी या एका खुणेत होती. आणि ती ऐकीव नव्हती, समोर वाकून वाढणाऱ्या बाईने प्रत्यक्ष पाहिलेली होती.

ती परत आली. “परीक्षित, जेवणाची वेळ लिही.”

“एका इशाऱ्यावर, मॅडम?”

“मागच्या महिन्याआधी हा प्रश्न तू मला विचारला असतास का?”

परीक्षित प्रामाणिक मुलगा होता. “नाही,” तो म्हणाला आणि लिहू लागला.

मग तिने बळवंतरावांना बोलावले.

“काका, बसा.”

“उभाच बरा आहे. सांगा.”

“एक औषध आहे, गुठळी विरघळवणारं. अशा शंभर माणसांना ते दिलं, तर तीसएकांना कमीजास्त फायदा होतो. कुणाचा हात परत येतो, कुणाची वाचा. साठेक जणांना फारसा फरक पडत नाही. पाच-सहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव होतो. त्यांतले काही दगावतात.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर आत्ता आहे त्यातलं काही आपसूक सुधारेल. किती, ते सांगता येत नाही. दिल्यानं जितकं सुधारण्याची शक्यता आहे, तितकं नाही.”

बळवंतराव पडद्याकडे वळले. “आमच्याकडं एक नियम होता. सिग्नलचा दिवा विझलेला दिसला, तर तो लाल समजायचा. शंका आली की थांबायचं. त्या नियमानं कधी कुणाचा घात झाला नाही.”

“तुमच्याकडे गाडी थांबली की थांबते, काका. इथे आपण थांबलो तरी नस बंदच असते, आणि मेंदू थोडाथोडा जातच असतो. थांबणं ही इथे सुरक्षित जागा नाही.”

“तुमची आई असती तर दिलं असतंत?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होते. बहुतेक सगळे विचारतात, आणि बहुतेक डॉक्टर ‘हो’ म्हणतात. तिचे ओठ ‘हो’च्या आकारात आलेही.

“माझ्या वाटण्यावर सध्या जाऊ नका,” ती म्हणाली. “महिनाभरापूर्वी हेच औषध मी एका माणसाला दिलं. सगळं नियमाप्रमाणे होतं. तो त्या पाच-सहांतला निघाला. गेला.”

परीक्षितची बोटे थांबली. रुग्णाच्या नातेवाइकाला हे कोणी सांगत नाही.

“आणि तरी तुम्ही द्या म्हणता,” बळवंतराव म्हणाले.

“हो.”

“भीती नाही वाटत?”

“काहीच वाटत नाही. म्हणून तर जे मोजलेलं आहे तेच सांगतेय.”

बळवंतरावांनी तिच्याकडे नीट पाहिले. आतापर्यंत ते तिच्या पांढऱ्या कोटाशी बोलत होते; आता कोटातल्या बाईकडे पाहत होते. मग स्वानंदीला म्हणाले, “तुझं काय मत? संकल्प नाही, तूच आहेस.”

स्वानंदी म्हणाली, “बाबा, जेवताना त्या अगदी ठीक होत्या.” तिला एवढेच ठाऊक होते आणि तेवढेच तिने सांगितले.

“द्या मग,” बळवंतराव म्हणाले.

औषध सुरू झाले. थोडे एकदम, उरलेले तासभर थेंबाथेंबाने. बळवंतराव खाटेपाशी गेले आणि पत्नीच्या कानाशी वाकले. “प्रभा, रुसली नव्हतीस ना गं?” प्रभावतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत होकार होता की नकार, की प्रश्न पोचलाच नव्हता, हे कोणाला सांगता आले नसते.

मधुवंती दर थोड्या वेळाने येई. हात उचलून पाही, डोळ्यांत प्रकाश टाकी, रक्तदाब बघे. बदल काही नव्हता. अर्धे औषध गेले असेल, तेव्हा प्रभावतीबाईंनी एकाएकी डावा हात कपाळावर नेला आणि चेहरा वेडावाकडा केला. मुरलीधरनेही असाच हात नेला होता.

“बंद करा,” मधुवंती म्हणाली. सिस्टरने नळी बंद केली. “स्कॅन. आत्ता.”

खाट ढकलताना बळवंतराव मागे धावले. “काय झालं? बाई, काय झालं?”

“रक्तस्राव झालाय का ते पाहायचंय, काका.”

ते जागच्या जागी थांबले. स्वानंदीने त्यांचा हात धरला.

यंत्राच्या काचेआड उभी राहून मधुवंती पडद्यावर एकेक काप उमटताना पाहत होती. छाती धडधडेल अशी तिने वाट पाहिली. धडधडली नाही. मेंदूचे करडे थर एकापाठोपाठ सरकत गेले, शेवटचाही सरकला. रक्त कोठेही नव्हते. परीक्षितने मोठा श्वास सोडला. ती म्हणाली, “उरलेलं सुरू करा.” आणि तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. डोके का दुखले असेल? उन्हाने, भीतीने, कशानेही. जगात साधी डोकेदुखीही असते, हे ती विसरली होती.

सायंकाळी प्रभावतीबाईंच्या उजव्या हाताची बोटे किंचित मिटली. दुसऱ्या दिवशी तो हात खाटेवरून वर उचलला गेला आणि थरथरत राहिला. वाचेला मात्र एकच शब्द फुटला, ‘हो’. पाणी हवे का, हो. दुखते का, हो. ही कोण, हो.

“बघा,” बळवंतराव वॉर्डात मधुवंतीला म्हणाले, “आता सगळ्याला हो म्हणते. ऐन तिशीत अशी असती तर माझी केवढी सोय झाली असती.” विनोद त्यांनी सवयीने केला. मग ते खिडकीशी जाऊन बाहेरच्या कडुनिंबाकडे तोंड करून उभे राहिले.

परीक्षितने जिन्यात विचारले, “मॅडम, मग ही सक्सेस म्हणायची?”

“माहीत नाही.”

“हात आला ना पण.”

“औषधाविनाही आला असता कदाचित. कदाचित नसता. या एकीचं ते आपल्याला कधीच कळणार नाही. मुरलीधरचंही कळणार नाही, की न देता तो कसा राहिला असता.” ती दोन पायऱ्या उतरली. “कळतं ते फक्त सगळ्यांचं मिळून.”

“मग एकेकाच्या वेळी करायचं काय?”

“जे पाहिलं ते नीट पाहायचं. आणि मग सगळ्यांचं मिळून जे आहे, ते द्यायचं.” तिने हे सपाट स्वरात सांगितले. त्यात ना उपदेश होता, ना समाधान.

त्या दिवशी घरी शुभंकरने विचारले, “कसं काय?” ती म्हणाली, “काल एकीला दिलं.” कोणते औषध, हे त्याला सांगावे लागले नाही. “ठीक आहे ना ती?” “जिवंत आहे.” तो तिच्यासाठी ठेवलेला भात गरम करायला आत गेला. भाताची चव तिला लागली नाही. पण वाफ तोंडाला लागली, ऊन लागली, आणि तिने तोंड मागे घेतले. एवढेच.

प्रभावतीबाई घरी गेल्या तेव्हा पितृपक्ष लागला होता. काठी आणि सुनेचा खांदा यांच्या आधाराने त्या गाडीपर्यंत चालत गेल्या. ‘हो’च्या जोडीला आणखी चार-दोन शब्द आले होते, काही जागचे, काही भलतीकडचे, पाण्याला त्या कधी ‘दिवा’ म्हणत. बळवंतराव घाई न करता ऐकत आणि पाणी आणून देत. निघताना त्यांनी मधुवंतीला विचारले, “आणखी किती येईल?” ती म्हणाली, “काही येईल, काका. सगळं येईल असं मी म्हणणार नाही.” त्यांनी मान हलवली. विझलेल्या दिव्याखालून गाडी पुढे घेतलेल्या माणसासारखे ते सावकाश पायऱ्या उतरले.

तर्पणात शेवटची एक ओंजळ अशांसाठी सोडतात, ज्यांचे नाव-गोत्र कोणालाच ठाऊक नाही. दूरदूरच्या गावांतल्या इस्पितळांतून लुळ्या देहाने पडलेल्या कितीएकांनी एके काळी, या औषधाच्या चाचणीत मला औषध मिळेल की साधे पाणी हे दैवाने ठरवावे, यास संमती दिली. त्यांतल्या काहींचे भले झाले, काही जागचे उठलेच नाहीत, आणि त्यांच्या सगळ्यांच्या मिळून झालेल्या एका आकड्याने तिलक नगरच्या एका बाईची बोटे मिटली असतील वा नसतील. ती ओंजळ त्यांना पोचो. झोटवाड्यातल्या त्या घराला, जिथून कोणी शिवी दिली नाही, शांती लाभो. प्रभावतीबाईंना जेवढे शब्द परत येतील तेवढे ऐकायला बळवंतराव जवळ असोत. स्वानंदीचे सरळ हसू सरळच राहो. आणि जिच्या हातून एकदा मृत्यू दिला गेला व एकदा काय दिले गेले ते कोणी सांगू शकत नाही, त्या मधुवंतीला पुन्हा कधीतरी, तिच्या तिच्या वेळी, अन्नाची चव लागो.